मुलाखतीत न विचारलेले प्रश्न

चि. बडबड्या,

तुझ्याविरुद्ध रीतसर तक्रार आहे. काल मी मुलाखतीला आत आलो आणि तू परीक्षक असूनही ताडकन उभा राहिलास. तुझं पाहून बाकीचे दोघंही उठले. उमेदवारासाठी अख्खं मंडळ उभं, म्हणजे शिष्टाचाराचा प्रलयच!

"सर, तुम्हाला मी काय विचारणार!" म्हणालास आणि चहा मागवलास. अरे, संस्कृतच्या तासाला प्रश्न विचारून माझा जीव खायचास ना?

शाळेतून संस्कृत गेलं, म्हणून पन्नाशीत सॉफ्टवेअरच्या चुका काढायला शिकलो. बाकीच्या कंपन्या अनुभव विचारून दारातूनच वाटेला लावतात. तू तरी नीट पारखशील, असं वाटलं होतं. आता आदरापोटी नोकरी देशीलही. पण घरी एकट्यानं शिकलोय रे, मला हे काम खरंच येत नसेल, अशी भीती वाटते.

तुझा उमेदवार,
माजी सर