पेज भरवायचा प्रवेश

१७ ऑगस्ट
आज तालमीत नूपुरने मला पेजेचा पहिला चमचा भरवला आणि सगळं बदललं. बास. एवढंच लिहायचं होतं.

१८ ऑगस्ट
नीट लिहितो. इथल्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक. मी लकवा झालेला बाप — वाक्य एकही नाही, दोन्ही अंक पलंगावर. नूपुर मुलगी. ती इथेच कोलकात्यात, बालीगंजला वाढलेली, संवाद बंगाली अक्षरांत उतरवून घेते. आज बंगालीच्या सवयीने म्हणाली, "बाबा, पाणी खा ना!" दिग्दर्शक श्यामकांतकाका ओरडले, "पितात गं पाणी!" सगळे हसले. मी नाही. लकवा झालाय ना मला.

काकांनी मला का घेतलं? "कॉलेज सोडून घरी लोळतोसच, इथे लोळ." उठून जाणारच होतो — कॉलेजात सरांच्या टेबलावर आयकार्ड आपटून निघालो होतो, तसाच. नूपुर पेज ढवळत होती. राहिलो.

२२ ऑगस्ट
नाटकात माझ्या बायकोचं काम करणाऱ्या विनीतामावशींचा पाय मोडला. काका संध्याकाळी आमच्या घरी. "वासंती, आता तूच." आईने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे बाबा — त्यांचा लकवा खरा. ते पडल्यापासून आई मंडळात फिरकलेली नाही. आधी दरवर्षी तिचं काम असायचं.

मी म्हटलं, बाबांना सांभाळायला आया आहे की! थांबेल जरा जास्त.

"पाठ होईल का रे आता?" म्हणाली, आणि निवडायची भाजी तशीच ठेवून संहिता उघडली.

२३ ऑगस्ट
पडदा ओढणारा विराज सारखा नूपुरच्या मागेपुढे. एकदा ठोकणार आहे त्याला.

२६ ऑगस्ट
आई भयंकर चांगली करते! माझी कूस बदलते, चादर ताणते आणि अगदी सहज म्हणते, "गेला असतात, तर रडून मोकळी झाले असते." तालमीला बसलेले हसले. मग कोणी हसेना. येताना टॅक्सीत आई गुणगुणत होती. घरी असं कधी ऐकलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

नूपुर सोमवारी पुण्याला चालली. नोकरी. रविवारी नाटकानंतर जेवणं असतात, तेव्हा सांगणार तिला. ठरलं.

३१ ऑगस्ट, रविवार
तिसरी घंटा व्हायची होती. आयाचा फोन — तिचं पोर तापलंय, ती निघाली. शेजारच्या काकू बसल्यात बाबांजवळ, पण थोडाच वेळ.

आई तोंडाचा रंग पुसायला लागली.

"तू थांब. मी जातो."

"अरे, मग पेशंट कोण?" काका.

"विराज! झोपायचंच तर आहे."

नूपुर पेजेचं भांडं घेऊन उभी. "आणि जेवायला? येशील ना रे परत?"

बोलायला लागलो असतो तर निघालो नसतो. पेशंटची शाल विराजच्या अंगावर फेकली. आईचा रुमाल गालावरच थांबला होता. बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.