नाव, साल, शेवटी @

नांदेड, ४ जुलै २०२४

चि. सौ. उज्ज्वला हीस, अनेक आशीर्वाद.

आज माझ्या कॉम्प्युटरनं मला तिसऱ्यांदा ‘दुबळा’ ठरवलं. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, अन् जुना पासवर्ड चालणार नाही! एवढ्या अटी आपल्याकडं सोयरिकीतसुद्धा कुणी घातल्या नव्हत्या.

तुझा फोन आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. झटक्यानं दाजींची वाचा गेली, हात गेला, अन् त्यांचं विहिरींवरचं पुस्तक कॉम्प्युटरच्या त्या पासवर्डच्या कुलपात अडकलं. छापखान्याला महिनाअखेर द्यायचंय. कुलूप मीच लावायला लावलं, हे तू बोलली नाहीस. तेच जास्त लागलं.

त्यांनी माझाच मंत्र पाळला असणार : आधी नाव, मग लग्नाचं साल, शेवटी @. नाव तेवढं शोध. दुरुस्तीवाल्याला हात लावू देऊ नको, तो सगळं पुसून टाकील. सापडलं तर फोनवर बोलू नको, पत्रानं कळव.

तुझा,
भागवतदादा

लातूर, ११ जुलै

ती. स्व. दादास, शि. सा. न.

फोनवर नको म्हणे! लातुरात माझा पासवर्ड ऐकायला कोण कान लावून बसलंय? तरी लिहून राहिले.

यांना अक्षरं विचारली की गोंधळतात. नाव घेतलं की मान हलवतात. म्हणून चार दिवस नुसती नावं घेतली. माझं, ऋतुजा लेकीचं, सासूबाईंचं, कुलदैवताचं, शेवटी बैलाचं. सगळ्याला न्हाई. तरी टाइप करून बघायचो, तर दर पाच चुकांनी ते यंत्र रुसायचं, अन् हे पडद्याकडं बघून घामाघूम. काल मीच वैतागून म्हणाले, आता काय माझं माहेरचं नाव घालू? तर यांनी डोळे मिटले अन् मान डोलावली.

उघडलं, दादा. सगळ्या विहिरी जागेवर हायेत. ऋतुजानं छापखान्याला पाठवल्यासुद्धा.

एक लिहिते, राग नको. लग्नात तांदळात नाव लिहिताना यांना तेच ठेवायचं होतं. तूच म्हणालास, लई गावठी हाय, मास्तराच्या बायकोला शोभत न्हाई. पुढं तूसुद्धा त्या नावानं हाक मारली न्हाईस. हे मात्र रोज सकाळी टाइप करून राहिले होते. तुझ्याच अटीप्रमाणं, पहिलं अक्षर मोठं.

तुझी बहीण
(कुठलं नाव लिहू?)

नांदेड, १६ जुलै

चि. सौ. चांगुणा हीस, अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. जेवण गेलं नाही. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि फार शहाणा होतो. जास्त लिहीत नाही. लिहीत गेलो तर त्यातही माझंच कौतुक होईल. लोह्याच्या काकूला अन् घरातल्या पोरांना सांगून ठेवलंय, आता तुला काय म्हणायचं ते.

दाजींना नमस्कार. पासवर्ड बदला असं यंत्र म्हणालं, तर बदलू नका.

लोभ तुझ्या मनाला येईल तेवढा ठेव.

भागवतदादा

ता. क. पाकिटावरही हेच नाव घातलंय. पोस्टमननं विचारलं तर सांग, ती इथंच राहते.