रिकामा ग्राइंडर

२२ फेब्रुवारी, शनिवार

विहीणबाई,
सप्रेम नमस्कार. गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे? मी बरी आहे.

परवा, गुरुवारी सकाळी मी ओटा पुसला, दूध तापवलं, उशांचे अभ्रे भिजत घातले आणि ह्यांचा चष्मा पुसून जागेवर ठेवला. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण त्या काचांवर धूळ बघवत नाही. पावणेआठ झाले असतील. वरच्या मजल्यावर ठकीच्या स्वयंपाकघरात कॉफीचा ग्राइंडर सुरू झाला.

साधीच सकाळ. तरी तिथूनच सुरुवात करते, कारण गेल्या रविवारी तुम्ही फोनवर जे विचारलंत त्याचं उत्तर तिथे आहे. तुम्ही म्हणालात, "ठकी फोनवर तुटक बोलते, हो-नाही एवढंच. काही आहे का हो?" मी म्हटलं, "छे, मजेत आहे तुमची लेक." तेव्हा माझा मुलगा समोर बसून संत्रं सोलत होता. मी फोन ठेवल्यावर त्याने दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या.

फोनवर मला खोटं सोपं जातं. कागदावर तेवढं जात नाही.

आधी ग्राइंडरचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तो ह्यांचा. कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, माप म्हणजे जीव की प्राण. निवृत्तीनंतर हौसेने आणला. त्यात डबाभर बिया भरून ठेवायच्या नाहीत. एका कपाला लागतील तेवढ्याच, अठरा ग्रॅम, छोट्या काट्यावर मोजायच्या. वर पाण्याचा एक थेंब, म्हणजे भुकटी आत चिकटत नाही. दळून झालं की रबरी झाकण दोनदा दाबून उरलंसुरलं बाहेर काढायचं आणि परत वजन करायचं. अठरा टाकले तर अठराच यायला हवेत. मी म्हणायचे, "त्यापेक्षा सोनाराकडे नोकरी धरा." ते म्हणायचे, "तुझं मीठ अंदाजपंचे चालतं. इथे नाही चालायचं."

माझी शाळा सातवीत सुटली, पण त्या ग्राइंडरचं इंग्रजी माहितीपुस्तक मी शब्दकोश घेऊन आठ दिवसांत वाचून काढलं. आवाज मात्र ह्यांनी शिकवला. आधी कडकड, मग घर्र असा भरलेला आवाज, आणि पंधरा सेकंदांत तो पातळ होतो. पातळ झाला की बंद करायचं. "रिकामा फिरवू नकोस, पाती झिजतात." रिकाम्याचा आवाज उंच, शिटीसारखा. एकदा ओळखला की कान विसरत नाही. हे गेल्यावर ग्राइंडर मी मुलाला दिला. मला एकटीला काय करायचा!

तर त्या सकाळी वर दोनदा भरलेला आवाज आला. दोघांचे दोन कप. मग तिसऱ्यांदा सुरू झाला तो रिकामाच. मिनिट झालं, थांबेना. त्याच्या आडून काहीतरी आपटलं.

हे मी पहिल्यांदा ऐकलं, असं लिहिणार होते. पहिल्यांदा नव्हतं. थंडी सुरू झाल्यापासून आठवड्यातून एकदा ऐकत होते, पुढे दोनदा. ठकी खाली यायची ती मनगट ओढणीत धरून. "कपाटाचं दार लागलं, आई." एवढ्या मोठ्या घरात एक कपाट, आणि त्याचं दार फक्त ठकीलाच लागतं! हे मला कळत नव्हतं असं नाही, विहीणबाई. मी मलम द्यायचे आणि विषय बदलायचे.

एकदाच मुलाला विचारलं, "रिकामा का फिरवतोस रे?"

"साफ करतो गं. तुला काय कळतंय मशीनमधलं?"

"तुझे बाबा कधी असं—"

तो हसला. मग म्हणाला, "आई, वरचे आवाज खाली येतात का गं तुला?"

"नाही रे बाबा."

"बरं आहे," म्हणाला. "एकदा कान दाखवून घेऊ तुझे. वय झालं."

त्या दिवसापासून ग्राइंडर जास्त वेळ फिरायला लागला. आणि मी काय करायला लागले, तेही लिहिते. तो आवाज सुरू झाला की मी मोरीतला नळ पूर्ण सोडायचे. बादली भरून वाहायची, तरी बंद करायची नाही.

त्या गुरुवारी मी घड्याळाकडे बघत होते. चार मिनिटं. नंतर सगळं शांत. मुलगा खाली आला, बूट घातले, म्हणाला, "डोकं दुखतंय तिचं, झोपलीय. वर जाऊ नकोस." तो गेल्यावर जिन्यात जाऊन पाहिलं तर वरच्या दाराला बाहेरून कुलूप. दुसरी किल्ली ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत असते.

ठकी फ्रिजला टेकून खाली बसली होती. कानामागून रक्त ओघळून गळ्यावर सुकलं होतं. उजवा हात तिने डाव्या हातात असा धरला होता, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. ग्राइंडरला हात लागला तर तापलेला, आणि खालच्या भांड्यात चिमूटभरही भुकटी नाही.

ती म्हणाली, "आई, तुम्हाला ऐकू येत होतं ना?"

"हो."

"मग नळ का सोडायचात? वर पाइप घुमतो. नळ सुरू झाला की मला कळायचं, कुणी येणार नाही."

मी पदर ओला करून तिच्या गळ्यावरचं रक्त पुसलं.

रिक्षाने दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलंय, डोक्याला टाके पडलेत, काही दिवस ठेवून घेणार आहेत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशाने झालं?" ठकीने माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हटलं, "जिन्यावरून पडली."

होय, तेव्हासुद्धा. ठकीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

संध्याकाळी मुलगा घरी आला. "काय सांगितलंस तिथे?"

"पडली म्हणून."

"शहाणी आहेस," म्हणाला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. "चल वर, कॉफी करतो तुला." त्याने अठरा ग्रॅम मोजले, थेंबभर पाणी टाकलं, झाकण दोनदा दाबलं. हुबेहूब बापासारखं. कॉफी चांगली झाली होती. मी सगळी प्यायले, आणि कप विसळताना लक्षात आलं की हे असंच चालू राहिलं तर पुढच्या वेळी ठकी दवाखान्यापर्यंत पोचणार नाही, आणि मी तेव्हाही पडली म्हणूनच सांगेन.

तुम्ही आज संध्याकाळच्या गाडीने येताय, हे ठकीकडून कळलं. तुमच्यासमोर मला तोंड उघडता येणार नाही, म्हणून हे पत्र तिच्या उशाशी ठेवून जाईन. तिचे कपडे, कागदपत्रं, दागिने पिशवीत आहेत. तिला तिथूनच घेऊन जा. घराकडे येऊ नका. हे लिहितेय तेव्हा मुलगा वर आहे, शीळ घालतोय. त्याला अजून काही ठाऊक नाही.

माफ करा, असं लिहीत नाही. माफी मागायचा हक्क मी नळाखाली वाहू दिला.

ती कॉफी प्यायले त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी परत दवाखान्यात गेले आणि डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. तिथून पोलीस ठाण्यात गेले, थंडीपासून जे जे ऐकलं ते सगळं लिहून दिलं आणि खाली सही केली.

ठकीच्या नवऱ्याची आई