पाण्याची पाळी आणि माझी ब्लॉकचेन

१ मे
ग्रामसभेत माझं प्रेझेंटेशन झालं. पाणी समितीचा सचिव म्हणून गावच्या नळयोजनेला ब्लॉकचेन लावतोय. कोणी, कधी, कोणत्या टोलीचा, म्हणजे वस्तीचा, व्हॉल्व्ह उघडला ते सगळ्यांच्या मोबाईलवर, कायमचं. नोंद खोडता येत नाही, मलासुद्धा नाही. हे वाक्य मुद्दाम दोनदा म्हटलं. टाळ्या कमी पडल्या, पण ऊन फार होतं.

५ मे
सिस्टिम सुरू. व्हॉल्व्ह आता कोडनेच उघडतो. कोड फक्त माझ्याकडे आणि सरपंच दामिनीताईंकडे.
आपसात पाळ्या बदलणं बंद केलं. कोणाकडे पाहुणे आले की दुसरी टोली आपली पाळी सोडून द्यायची. सरळ सरळ वशिलेबाजी. ताई म्हणाल्या, एवढं राहू द्या. मी ऐकलं नाही.

९ मे
तक्रारी. नव्या गोष्टीला येणारच. खालच्या टोलीतल्या पार्वताबाईंना वाचता येत नाही. त्यांना शब्द दिला, कधीही विचारा, मी वाचून दाखवीन. पारदर्शकता म्हणतात ती हीच.

१३ मे, सकाळ
आज आमच्या लेकीला, खुशबूला, पाहायला सानगडीहून मंडळी येणार आणि घरात घागरभरही पाणी नाही. पाळी खालच्या टोलीची. बायको, उर्वशी, म्हणते, त्यांना विचारून या. नियम करणाऱ्यानेच विचारत फिरायचं? शोभत नाही.
थोड्या वेळाने: आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला. चोरी नव्हे, लोड टेस्ट.

संध्याकाळ
कार्यक्रम झकास. मुलाच्या वडिलांना कूलरची हवा फार आवडली. खालच्या टोलीत पाणी पोचलंच नाही म्हणे. प्रेशरचा प्रॉब्लेम असावा.

१४ मे
सानगडीहून होकार आला. दिवसभर कालची नोंद काढायच्या मागे होतो. निघत नाही. दुरुस्ती टाकली तर खाली नवी ओळ येते, तिच्यावरही माझंच नाव. सिस्टिम मजबूत आहे. अभिमान वाटायला हवा.

१५ मे
पार्वताबाई पंचायतीत आल्या. ओट्यावर अर्धं गाव बसलेलं.
"परवा पाणी काहून नाही आलं, भाऊ? मोबाईलात पाहून सांगा."
चष्मा घरी राहिला म्हणालो. दामिनीताईंनी स्वतःचा काढून दिला. वाचलं. तारीख, वेळ, व्हॉल्व्ह. मग नाव, माझंच: धर्मेंद्र. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.
पार्वताबाई म्हणाल्या, "पोरीले पाहाले पाहुणे आले होते ना? एका शब्दानं सांगतलं असतं, त आमची पाळी देली असती."
मग सोयरीक जमली का, ते विचारलं. जमली म्हणालो. त्यांना खरंच आनंद झाला. मला मान वर करवली नाही.