फलक क्रमांक सहावरील हुतात्म्याची अन्यत्र सोय करण्याबाबत

प्रति,
मा. वारसास्थळ अधिकारी,
नगर कार्यालय, पहिला मजला.

विषय : फलक क्र. ६ वरील दिवंगत व्यक्ती (अर्जदाराचे वडील) हयात असल्याने होणारी गैरसोय दूर करणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, ‘एकदा बसविलेल्या फलकाचा मजकूर बदलता येत नाही.’

महोदय,

मी खाली सही करणार, फलक क्र. ६ येथे आपल्याच आदेशाने ‘हुतात्म्याचा थेट वारस’ म्हणून पाहुण्यांना माहिती देण्याच्या कामावर आहे. जुन्या पुरात बंधाऱ्याच्या चौकीदाराने दरवाजा उघडून गाव वाचवले व तो स्वतः वाहून गेला, असे फलकावर कोरले आहे. सदर चौकीदार म्हणजे माझे वडील. ते तिसऱ्या दिवशी चालत घरी आले. परंतु आपल्या इतिहास समितीने पुराच्या दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र वाचले, पुढचे अंक वाचले नाहीत. याबद्दल माझी तक्रार नाही. त्या चुकीवरच माझी चूल पेटते.

१. पाहुणे फलकासमोर एक मिनिट स्तब्ध उभे राहतात. वडील रोज खुर्ची घेऊन तेथे येतात व तेही टोपी काढून उभे राहतात. मिनिट संपले की सांगतात, “तो मीच. बसा आता.” मागील आठवड्यात एका बाईंनी रडून झाल्यावर हे ऐकले आणि फसवणूक झाल्याची लेखी तक्रार माझ्याविरुद्ध दिली.

२. एवढ्यावर भागले असते, तर म्हातारा भ्रमिष्ट आहे असे सांगून मी वेळ मारून नेली असती. हल्ली ते पुढचेही सांगतात : “दरवाजा मी उघडलाच नाही. तो आपला आपण मोडला. मी तेव्हा पळत होतो.” सहलीला येणारी मुले आता फलकासमोर पळून दाखवतात.

३. मी वडिलांस समजावले, दटावले, खुर्ची लपवली. खोलीत कोंडूनही पाहिले, तर खिडकीतून रस्त्यावरच्यांना सांगू लागले. माझी मोठी बहीण म्हणते, “जिवंत बापाच्या मरणावर जेवतोस होय रे?” ती सासरी असते, तिला बोलायला काय जाते? जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. समितीच्या गुरुजींकडे गेलो, तर ते म्हणाले, “फलक ग्रॅनाइटचा आहे. वडील तुमचे आता कितीसे दिवस?” मला ते पटले व मी वाट पाहिली. डॉक्टर मात्र सांगतात की छाती ठणठणीत आहे, नव्वदी सहज गाठतील. म्हणजे त्याही बाजूने आशा नाही.

४. येत्या शनिवारी मंत्रिमहोदय फलकास पुष्पचक्र वाहणार आहेत. त्या वेळी वडील बोलले, तर माझी नोकरी जाईलच, पण आपणांसही वरून विचारणा होईल. सुक्याबरोबर ओलेही जळते, हे मी आपणांस सांगायला नको.

तरी वडिलांस शुक्रवारपूर्वी दूरच्या एखाद्या निराधारगृहात ‘अनोळखी वृद्ध, वारस नाही’ अशा नोंदीने दाखल करावे, ही विनंती. कार्यालयाची गाडी मागच्या गल्लीत आणल्यास बरे.

वडिलांची हरकत नाही. हा अर्ज मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. “तुझं काम टिकत असेल तर जातो,” म्हणाले. मग एवढेच विचारले, “तिथे नाव काय सांगायचं?” त्यांचे नाव फलकावर गेल्यामुळे ते त्यांना वापरता येणार नाही. तरी एखादे सोपे नाव कार्यालयाने बुधवारपर्यंत कळवावे. वयामुळे त्यांना पाठ व्हायला वेळ लागतो.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
चौकीदाराचा मुलगा
दिनांक : सोमवार, टपाल स्वीकारण्याच्या वेळी

सोबत :
१. माझ्या नेमणुकीच्या आदेशाची प्रत.
२. फलकाचे छायाचित्र (खुर्ची वगळून).
३. वडिलांचे संमतिपत्र. त्यावर अंगठा घेतला आहे. सही करायला सांगितले की ते अजून स्वतःचेच नाव लिहितात.