दारामागचा तुकडा

अप्पा, साडेचार वाजलेत. सहा वाजता गंगापूर रोडच्या हॉलमध्ये मला त्या जुन्या खुनांच्या सिनेमावर बोलायचं आहे. त्याचे दोष सगळ्यांना ठाऊक आहेत. खुनी कोण ते दुसऱ्या रिळातच कळतं, पोरी पळायचं सोडून अंधाऱ्या खोलीत शिरतात, विनोदी नोकर तर असह्य. तरी वीस वर्षं मी एका दारासाठी त्याची बाजू लढवतेय. मुलगी आतून कडी घालते, दार हलायला लागतं, कडी निसटत येते, आणि एकदम सकाळ, अंगणात नळ ठिबकतोय. खून दिसतच नाही. दिग्दर्शकाचा संयम, असं मी लिहिलं, शिकवलं, त्यावर थोडंफार नाव झालं.

मी लहान होते, त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आई आजीच्या आजारपणात नांदगावला होती, म्हणून मी दिवसभर थिएटरात तुमच्या प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये, स्टुलावर बसून भोकातून तोच सिनेमा बघत असे. कोपऱ्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. एके दिवशी सकाळी मी तो उघडायला जाते आणि तुम्ही पहिल्यांदाच माझ्यावर ओरडता, "हात लावू नको म्हटलं ना त्याला." मॅटिनी सुटल्यावर मॅनेजर वर येतो. "पब्लिक बोंबलतंय खाली, सीन उडवला म्हणून. आंघोळीचा तुकडा कापून विकतो काय रे? तुम्ही ऑपरेटर सगळे तसलेच."

"प्रिंटच तशी आली, साहेब."

तो माझ्याकडे वळतो. "बेटा, पप्पांनी पट्टी कुठं ठेवली?" मी डब्याकडे बोट दाखवते. तो डबा न उघडताच काखेत मारून जातो आणि तुम्ही रीळ गुंडाळायला घेता. संध्याकाळचा शो दुसऱ्यानं चालवला. तुम्ही पुढं ओझरला कारखान्याच्या कँटीनमध्ये लागलात, ते रिटायर होईपर्यंत. मोठी झाल्यावर मला त्या 'तुकड्या'चा अर्थ लागला. तुमची लाज वाटली अप्पा, खूप वर्षं वाटली.

या सिनेमाची प्रत इतकी वर्षं कुठंच मिळाली नव्हती, मी लिहिलं ते सगळं त्या सुट्टीतल्या आठवणीवर. आज दुपारी एका विद्यार्थ्यानं पाठवलेली अख्खी प्रत पाहिली. आंघोळीचा सीन या सिनेमात नाहीच. कडी निसटते आणि तो आत येतो. मग दोन-अडीच मिनिटं नुसता कोयता, टोमॅटोच्या सारासारखं रक्त आणि बेसूर ढणढणाट. नवी प्रिंट आली की तुम्ही ती आदल्या दिवशी एकट्यानं चालवून बघायचात. दुसऱ्या दिवसापासून तिथं मी बसणार होते, म्हणून कात्री लावलीत. मॅनेजरला खरं सांगायचं तर ते माझ्यासमोर सांगावं लागलं असतं.

तेव्हा या सिनेमात एकच गोष्ट चांगली आहे आणि ती तुमची. कापलेल्या पट्टीचा जोड मात्र नीट बसला नव्हता, तिथं आवाज खट् करायचा. त्या खट्‌लाही मी लेखात ध्वनीचा सूचक वापर म्हटलंय. सहा वाजता हे सगळं सांगणार आहे, माझ्या लेखाचं व्हायचं ते होवो.

हा कागद मात्र भाषणात वाचणार नाही, घडी घालून पर्समध्येच ठेवीन. आई परत आल्यावर तुम्ही तिला म्हणाला होतात, "पोर घाबरली, तिला काही बोलू नकोस." मी घाबरले नव्हते अप्पा. सकाळी ओरडलात त्याचा राग होता. बोट दाखवताना मला बरं वाटलं होतं.