यंदाची वाचावीत अशी पुस्तकं

आई,

यंदाची यादी मी केली. तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून लखनौत कुणी यादी केली नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुणी मागितलीही नव्हती. पावसाळ्याच्या शेवटी इथल्या मराठी मंडळाच्या सचिवांचा फोन आला. हे नवे सचिव रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनिअर, नागपूरकडचे, बोलायला मोकळे. म्हणाले, "ताई, तुमच्या आई पूर्वी यादी काढायच्या ना, नवी वाचावीत अशी पुस्तकं? तशी एक आपल्या स्मरणिकेला द्या ना. पाच कथा-कादंबऱ्या, पाच इतर. काय आहे, एक पान रिकामं राहतंय." रिकाम्या पानाचं ऐकून तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. मी मात्र लगेच हो म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तीन मिनिटं मी मराठीत बोलत होते आणि त्याआधी कधी बोलले होते ते आठवेना.

तुझी यादी वर्षातून दोनदा निघायची. तू नोकरी करायचीस त्या संशोधन संस्थेच्या लायब्ररीतली बाद झालेली कॅटलॉग कार्डं तू घरी आणायचीस आणि त्यांच्या कोऱ्या बाजूला बारीक, सरळ अक्षरात एकेका पुस्तकाबद्दल चार ओळी लिहायचीस. दिवसभर लायब्ररीत तू शास्त्रज्ञांची इंग्रजी नियतकालिकं लावतेस, शिपाई तुला 'मैडम जी' म्हणतात, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात पोळपाट ओट्याच्या भिंतीला उभा करून त्याला टेकवलेलं पुस्तक वाचत तू आमटी ढवळतेस. पान उलटायचं झालं की मला हाक. माझे हात कोरडे असायचे. मी पान उलटायची आणि तेवढ्यात दोन ओळी माझ्याही वाचून व्हायच्या. कितीतरी कादंबऱ्यांचा प्रत्येक पानावरचा पहिला आणि शेवटचा तेवढा भाग मला माहीत आहे. पुण्याहून पार्सल आलं की लखनौतली पंधरा-वीस मराठी घरं तुझ्या कार्डांची वाट बघायची, आणि पुस्तकं घराघरांतून फिरून, हळदीचे डाग घेऊन आपल्याकडे परत यायची.

मी सोळा वर्षांची होते तेव्हा तुला कावीळ झाली. दीड महिना तू अंथरुणावर होतीस. यादीची वेळ उलटून चालली होती. "मी लिहू का?" म्हणून मी विचारलं तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते आणि तू "हं" म्हणालीस. तो हुंकार मी होकार समजले, कारण मला तो होकारच हवा होता. नवी आठ पुस्तकं होती. मी एकही वाचलं नाही. मलपृष्ठं वाचली, इथून तिथून चाळलं आणि तुझ्या अक्षराची नक्कल करत कार्डं लिहिली. एका कादंबरीच्या मुखपृष्ठावर विहीर आणि रंगीत फुगे होते. तिच्याबद्दल मी लिहिलं, 'हलकीफुलकी, प्रसन्न, घरातल्या सर्वांनी वाचावी अशी.'

ती कादंबरी शहराबाहेर, बख्शी का तालाबला गेली. तिथे हवाई दलातल्या एका अधिकाऱ्यांचं मराठी कुटुंब राहायचं, आणि त्याच उन्हाळ्यात त्यांची पाच वर्षांची मुलगी तापाने गेली होती. त्या बाईंनी मुद्दाम निरोप पाठवला होता, मन रमेल असं काहीतरी द्या. मी ते रंगीत फुग्यांचं पुस्तक पाठवलं. बरं वाटायला लागल्यावर तू राहिलेली पुस्तकं वाचायला घेतलीस, आणि या पुस्तकाची घरात असलेली दुसरी प्रत वाचता वाचता एका दुपारी मला हाक मारलीस. कादंबरीच्या मध्यावर एक लहान मुलगी विहिरीत पडून मरते. पुढची सगळी पानं तिच्या आईची. तू ओरडली नाहीस. फक्त विचारलंस, "हे तू वाचलं होतंस?" मी नाही म्हणाले. तू उठलीस, भिंतीला धरून उभी राहिलीस आणि साडी बदलायला गेलीस.

सीतापूर रस्त्याने जाणाऱ्या बसमध्ये आपण दोघी बसलोय. तुझा चेहरा अजून पिवळा आहे, खिडकीतून गरम वारा येतोय, आणि तू सबंध वाटेत माझ्याशी एक शब्द बोलत नाहीस. त्या बाईंनी दार उघडलं. तू बसलीही नाहीस. दारातच म्हणालीस, "माझ्या मुलीने न वाचता तुम्हाला पुस्तक दिलं. ती माफी मागायला आली आहे." मी काय बोलले ते आठवत नाही. बाईंनी आपल्याला आत घेतलं, पाणी दिलं. मग त्या आतून ते पुस्तक घेऊन आल्या आणि हातात धरून बसल्या. म्हणाल्या, "मी पूर्ण वाचलं. दोनदा वाचलं. इथे कुणी तिचं नावसुद्धा काढत नाही हो. मला त्रास होईल म्हणून. ह्या पुस्तकात निदान कुणीतरी मोठ्याने रडतंय." मग त्यांनी विचारलं, हे आणखी थोडे दिवस ठेवू का. तू म्हणालीस, "ते तुमचंच."

परतीच्या बसमध्ये मला हलकं वाटायला लागलं होतं. मी तुझ्याकडे बघून हसलेसुद्धा. तेव्हा तू बोललीस. "त्यांना उपयोग झाला. पण त्यात तुझं काही नाही. तू डोळे मिटून दगड मारलास, तो कुणाला लागला नाही एवढंच." मला तुझा इतका राग आला होता, आई. आजही ते वाक्य आठवलं की कान गरम होतात. पण त्यानंतर आजवर न वाचलेल्या पुस्तकाबद्दल मी कुणाजवळ एक शब्द काढलेला नाही.

म्हणून यंदा यादीसाठी मी चार महिन्यांत सत्तावीस पुस्तकं वाचली. आता पुस्तकं कुरियरने घरी येतात. एकदा कुरियरवाल्या भैयाने फाटलेल्या पाकिटातून डोकावणारं मुखपृष्ठ वाचायचा प्रयत्न केला. "आंटी जी, ये हिंदी ही है न? पढ़ तो ले रहे हैं हम, समझ में कुछ नहीं आ रहा।" मी म्हटलं, "मराठी है, भैया।" तो "अच्छा, अच्छा" म्हणाला आणि सही घेऊन गेला. इंदिरानगरच्या या फ्लॅटमध्ये त्या दिवशी माझ्याशी झालेलं बोलणं तेवढंच. तुझे जावई चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्याशी माझा सगळा संसार हिंदीतच झाला. तो चांगला झाला, तक्रार नाही. पण ते होते तोवर घरात मराठी नाही हे कधी जाणवलं नव्हतं. ते गेल्यावर घर गप्प झालं, आणि त्या गप्प घरात मला आठवायला लागलं ते तुझं बोलणं.

तुला आवडली असती अशी दोन-तीन तरी आहेत. एका धरणाचे दरवाजे उघडायची नोकरी करणाऱ्या बाईची कादंबरी आहे. सगळी गोष्ट एका पावसाळ्यात घडते, आणि लेखिकेला कुठेही घाई नाही. पुण्यात फोनवर परदेशातल्या लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मुलामुलींच्या कथा आहेत. त्यांतली अर्धी वाक्यं मला दोनदा वाचावी लागली. माझी मराठी तुझी आहे, आई, तू साताऱ्याहून आणलीस तेव्हाची. तिकडे ती पुढे निघून गेली आणि इथे मी तेच शब्द जपत बसले. कोकणातल्या खाजणांवर, म्हणजे भरतीचं पाणी जिथे शिरतं त्या जमिनींवर, एका जीवशास्त्रज्ञाने लिहिलं आहे. खेकड्यांवर चाळीस पानं आहेत आणि एकही कंटाळवाणं नाही. आणि एका मुलीने आपल्या वडिलांच्या विसरण्यावर लिहिलेलं पुस्तक आहे. वडील आधी किल्ली विसरतात, मग रस्ता, मग ती. ते मी यादीत सगळ्यात वर ठेवलं. धीर देत नाही, पण काय काय होतं ते नीट सांगतं, असं लिहिलं. यादीचा फोटो तुझ्या नातीला बंगळुरूला पाठवला. तिचं उत्तर आलं, "वाह मम्मा, बहुत बढ़िया! कोई हिंदी में हो तो बताना न।"

मंडळाचा मेळावा थंडीत झाला. नाट्यछटा झाली, तिळगुळाआधीच तिळाच्या वड्या वाटल्या, आणि जेवणाच्या अगोदरची दहा मिनिटं मला दिली. मागे पंगतीच्या खुर्च्या लावत होते, त्या आवाजात मी दहा पुस्तकांबद्दल बोलले. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मान डोलावली, पण ते सगळ्यालाच डोलावत होते. शेवटी एका तरुणाने हात वर केला. मला आनंद झाला. "आंटी, इनमें से कुछ ऑडियो में है क्या?" मी म्हटलं, माहीत नाही. लोक हसले, चांगल्या मनानेच हसले, आणि जेवायला उठले. मी सगळी दहा पुस्तकं पिशवीत घालून नेली होती, कुणी मागितलं तर द्यायला. ती तशीच घरी आणली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे पस्तिशीची असेल. अमौसीला विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरवर काम करते, मूळची लातूरची, वर्षभरापूर्वी बदलून आली. "काकू, स्मरणिकेत बघितलं. ते वडिलांवरचं पुस्तक तुमच्याकडे आहे का? मी येऊन घेऊन जाऊ?" रविवारी सकाळची ड्यूटी संपवून ती मेट्रोने आली, युनिफॉर्मवर स्वेटर घालून. मी पोहे केले होते. शेंगदाणे बघून म्हणाली, "अय्या, इथे सगळे मटार घालतात." मी म्हटलं, "मीही घालते, आज नाही घातले." पुस्तक मी टेबलावर काढून ठेवलं होतं. मी तिला विचारलं, "घरी कुणी आहे का गं तसं?" तिने चमचा बशीत ठेवला. "पप्पा. फोनवर मला आत्याच्या नावाने हाक मारतात. आधी मी दुरुस्त करायचे. आता हो म्हणते. बरोबर करते का चूक, तेच कळत नाही, काकू." मी म्हटलं, "पुस्तकात त्याच्यावर एक आख्खं प्रकरण आहे. पण सोपं नाही ते. थांबत थांबत वाच." ती म्हणाली, "चालेल. काय होतं ते कुणी सांगितलं तरी पुरे आहे."

मग ती तीन तास बसली. पुस्तकाबद्दल पुढे एक शब्द नाही. लातूरचं पाणी, विमान चुकलेल्या प्रवाशांच्या शिव्या, नवऱ्याची हैदराबादची नोकरी, चौक बाजारातून आईसाठी घेतलेली चिकनकारीची साडी. मधूनच हिंदीत घसरायची, मग "अगं बाई" म्हणून परत यायची. मीही बोलले. किती बोलले! संध्याकाळ व्हायला आली तशी ती दचकून उठली, बूट घातले, वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेली. मी आत वळले तर पुस्तक टेबलावरच राहिलं होतं.

हे पत्र मी कुठे पाठवणार! तुझ्यासाठी लिहायचं म्हणून बसले आणि यादीबद्दलच सांगणार होते. पण तुला न सांगता राहवत नाही. मी पुस्तक उचलून बाल्कनीत गेले. ती खाली फाटकापाशी ई-रिक्षा थांबवत होती. दुसऱ्या मजल्यावरून हाक सहज पोचली असती. त्या पुस्तकाची तिला गरज होती, आणि दर दिवशी होती. मी हाक मारली नाही. मंगळवारी तिचा फोन आला, "काकू, पुस्तक तुमच्याकडे राहिलं, का मी मेट्रोत विसरले हो?" मी म्हटलं, "इथे तर दिसत नाही गं. शोधून ठेवते. तू रविवारी येच." पुस्तक तेव्हा माझ्या मांडीवर होतं.